जमिनीला विचारून

नागपूरहून निघालेली बस भिवापूरच्या पुढे आली, तेव्हा कंडक्टरने आमच्या सामानाकडे नीट पाहिलं. पत्र्याची ट्रंक, सुतळीने बांधलेली गादी, गोणीत भांडी आणि माझ्या मांडीवर कुकर.

"कुठी चालले जी एवढं घेऊन?"

"गडचिरोलीच्याही पुढे. एटापल्लीकडे," नितीन म्हणाला.

"बदली झाली का?"

"नाही. राहायला चाललोय. कायमचे."

कंडक्टरने तिकिटाच्या मशीनवरून मान वर केली. "कोनाचं काय बिघडवलं जी तुमी?"

मागच्या बाकावरची माणसं हसली. नितीनही हसला. मला हसू आलं नाही. एखाद्या जिल्ह्यात माणूस आपण होऊन जातो, यावर त्याच जिल्ह्याच्या बसमधला माणूस विश्वास ठेवत नाही, याला जबाबदार कोण? राज्यभरातला लाच खाणारा, दारू पिऊन कामावर येणारा, साहेबाला उलट बोलणारा, सगळ्यांना वर्षानुवर्षं शिक्षा म्हणून इथे पाठवलं जातं. म्हणजे इथल्या माणसांना रोज मिळणारा मास्तर, तलाठी आणि डॉक्टर ही कुणाची तरी शिक्षा असते. हे मी पूर्वी एका पत्रकात लिहिलं होतं. बसमध्ये ते ऐकायला आलं तेव्हा जास्त लागलं.

आम्ही कोण ते सांगते. मी आणि नितीन सांगलीकडचे. तो शिकून परिचारक झालेला, दवाखान्यात सगळे त्याला ब्रदर म्हणत. मी एका सामाजिक संघटनेत पत्रकं लिहायचे, रात्री छापायचे, सकाळी एसटी स्टँडवर वाटायचे. आमच्या जाती वेगळ्या. लग्न झाल्यावर माझ्या भावांनी दार लावून घेतलं आणि त्याच्या आईने 'माझ्या मेल्यावर ये' म्हणून निरोप पाठवला. ते एक वेळ सोसलं. पण भाड्याची खोली मिळेना. मालक आधी पंखा कुठे, नळ कुठे, सगळं दाखवायचा. मग आडनावं विचारायचा. एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं नाही, पण आठवड्यात त्याला बाहेरून कळलं आणि आमची गादी पायरीवर आली. त्याच गादीला बांधलेली ती सुतळी.

तेव्हा आमच्या एका शिबिरात सुधाकर भेटला. माडिया गोंड, बारावी झालेला, तिशीच्या आतबाहेरचा, जंगलातल्या आपल्या गावाच्या वनहक्काच्या कामासाठी धडपडणारा. नितीन काय करतो ते ऐकून तो म्हणाला, "दादा, आमच्याकडे चला ना जी. घर गाव बांधून देते. माणूसच नाई आमच्याकडे." घर गाव बांधून देतं! ज्यांना अख्ख्या शहरात एक खोली मिळाली नव्हती, त्यांना हे वाक्य काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. या लिहिण्यात गावाचं नाव नाही. माणसांची नावं बदलली आहेत, आणि वाटही एका ठिकाणी मी मुद्दाम चुकीची लिहिली आहे. कारण शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

एप्रिल होता. सिंदेवाहीपर्यंत दोन्ही बाजूंना धानाचे बांध, धान केव्हाच कापलेला, राहिलेले फक्त करडे खुंट. भाताच्या संशोधन केंद्राची पाटी गेली. तिच्या सावलीत एक म्हातारी वाळलेल्या मोहफुलांची टोपली घेऊन बसली होती. सावली या गावात मात्र सावली कुठे दिसली नाही, रस्ता रुंद करायला झाडं पाडली होती. पुढे वैनगंगेचा पूल. नदीत वाळूच वाळू आणि मधे पाण्याची एक पट्टी. पलीकडच्या काठावर एका बाईने नदीला हात जोडले आणि शेजारणीला म्हणाली, "आलो व माय आपल्या मुलखात." मी नितीनकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आपला मुलूख म्हणायला आम्हाला अजून थोडं पुढे जायचं होतं.

चामोर्शीला उतरून आलापल्लीची बस धरायची होती. ती बिघडली होती. दुसरी कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याची कुणाला लाजही नव्हती. स्टँडसमोर ताडपत्रीखाली भात-माशाची एक खानावळ होती. चालवणारी म्हातारी बंगाली. सगळे तिला मावशी म्हणत. या भागात तिच्यासारखी पुष्कळ कुटुंबं आहेत. पूर्वी फाळणीने पूर्व बंगालमधून उठवलेली आणि सरकारने या जंगलात आणून टाकलेली. तिने आम्हाला भात वाढला, वर मोहरीच्या कालवणातला मासा, आणि सामानाकडे बघत बोलू लागली. मराठी तिची स्वतःची होती.

"दोघं? नवा लगीन?"

"हो, मावशी."

"आमी पन असाच आला होता. दोघं. माजा वय सोळा. तंबू दिला, कुऱ्हाड दिला, बोलला, हा तुमचा जमीन, झाड तोडा." ती नितीनच्या ताटात आणखी भात टाकत होती. "आमाला कोनी विचारला नाय, राहणार का. जमीनला पन कोनी विचारला नाय."

"आणि तुमचे मालक?"

"तो? पहिला वर्षी ताप. गेला." तिने भाताचा चमचा पातेल्यावर आपटला. "मासा खा. काटा बघून खा."

मी काटा बघून खाल्ला. ट्रंकेत मलेरिया तपासायच्या पट्ट्या होत्या, औषधं होती, माझी पत्रकं होती. तेव्हा कुणी एक पट्टी घेऊन आलं असतं, तर सोळा वर्षांची ती मुलगी आज वेगळ्या गोष्टी सांगत बसली असती. मला राग आला, आणि त्या रागाने बरं वाटलं. आपण बरोबर ठिकाणी चाललो आहोत असं वाटायला मला तेव्हा राग पुरत असे.

आलापल्लीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक एकामागे एक. आमची बस प्रत्येकाला वाट देण्यासाठी खाली उतरे आणि आत लाल धूळ शिरे. डोंगर भरून बाहेर जात होता, आणि त्या वाटेवरच्या उपकेंद्राला कुलूप होतं. कुलपावरही लाल धूळ. बाहेर ओट्यावर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. बस थांबली नाही.

आलापल्लीला सुधाकर ट्रॅक्टर घेऊन आला होता. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसतं जंगल. सागाची पानं गळून गेलेली आणि मधेच मोहाची झाडं, फुलांच्या वासाने जड झालेली. कोरड्या नाल्यात ट्रॉली कलली आणि ट्रंक खडकांवर पडून उघडली. औषधाच्या काही बाटल्या फुटल्या. पत्रकांचे गठ्ठे सुटून नाल्याच्या वाळूत पसरले. पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत मथळा: 'घाबरू नका! काहीही होणार नाही!' करणी, भूत, देवीचा कोप, सगळ्यांविरुद्ध लिहिलेलं माझं सर्वांत जास्त वाटलं गेलेलं पत्रक. सुधाकरने एक उचलून वाचलं.

"ताई, हे आमच्या गावात वाटाचं आहे का?"

"का? नको?"

"नाई, वाटा ना. वाचणारा मी एकटाच आहो," तो म्हणाला आणि हसत सुटला.

गाव म्हणजे मातीची स्वच्छ सारवलेली घरं, प्रत्येकाभोवती बांबूचं कुंपण, आणि मधोमध गोटुल (गावाने एकत्र बसायची, पाहुण्याने उतरायची मोठी पडवी). आमचं सामान तिथे ठेवलं. "जोहार, जोहार" करत माणसं आली. एका बाईने पानाच्या द्रोणात जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ, आंबूस पेज) आणून दिली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं आणि दुसऱ्या घोटाला कळतं, की या उन्हात दुसरं काही पोटात राहणार नाही. ती बाई जैनी. सुधाकरच्या थोरल्या भावाची बायको, विधवा. भाऊ कसा गेला ते मी त्या दिवशी विचारलं नाही. जैनी पन्नाशीकडची असेल. आमच्या समोर उकिडवी बसून तिने आम्ही पीत असताना दोघांना निरखून पाहिलं.

"तू डाक्टर?" तिने नितीनला विचारलं.

"डॉक्टर नाही. पण औषध देतो."

"आन् तू काय करते?" हे मला.

"मी लिहिते. बोलते. हक्कांसाठी."

"बोलते," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या सकाळी गायत्याच्या नातीला ताप भरला. गायता म्हणजे गावाचा पुजारी, जमिनीशी गावाच्या वतीने बोलणारा म्हातारा. काटक, कमरेला पंचा, बोलणं कमी. नितीनने पोरीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मलेरिया. गोळ्या सुरू झाल्या, आणि पोरगी उठून बसली तेव्हा गोटुलापुढे तापाची, खोकल्याची, पायात सडलेल्या काट्याची रांग लागली होती. गायता नितीनच्या शेजारी येऊन बसला आणि गोंडीत काही बोलला. सुधाकरने सांगितलं, "म्हणते, घर लवकर बांधू. पावसाआधी."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी आमच्यासाठी घाई करत होतं.

पण इथे घर बांधायच्या आधी जमिनीला विचारतात. संध्याकाळी गायत्याने गोटुलाच्या मागची जागा झाडली, सारवली. मग चार कोपऱ्यांत आणि मधे तांदळाचे दोन दोन दाणे ठेवले, टोकाला टोक लावून, नवराबायको उशाला उशी लावून निजल्यासारखे. प्रत्येक जोडीवर पानाचा द्रोण पालथा, द्रोणावर खडा. सकाळी द्रोण उचलायचे. जोड्या जागच्या जागी तर जमीन हो म्हणाली. दाणे एकमेकांपासून सरकले तर नाही.

"आणि नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"मंग दुसरी जागा विचारायची. तिनं बी नाई म्हटलं त मंग नाई विचारत," सुधाकर म्हणाला.

नितीन थट्टेने म्हणाला, "मी इथंच अंथरूण टाकतो. दाण्यांना पहारा."

सुधाकरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "दादा, तसं नका बोलू. विचारलेल्या दाण्याले कोणी हात लावला ना, त त्याच्या घरचं पाणी नाई पीत गाव. तो मेला तरी खांदा नाई देत."

सकाळी सगळं गाव जमलं. गायत्याने पहिला द्रोण उचलला, जोडी जागेवर. दुसरा, जोडी जागेवर. मधल्या द्रोणाखाली दोन दाण्यांमध्ये एक बोट शिरेल एवढी फट होती. बाया टोपल्या उचलून कामाला लागल्या.

त्या संध्याकाळी गावाच्या कडेला मोहाच्या एका जुन्या झाडापाशी दुसरी जागा सारवली. सकाळी तिथेही मधली जोडी सुटलेली.

मी तेव्हा गोटुलात उभी राहिले आणि बोलले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सांगलीत आम्हाला आडनाव विचारून बाहेर काढलं, इथे तांदळाला विचारून बाहेर काढता, फरक काय? म्हटलं, तांदूळ बोलत नाहीत. मुंग्या ओढतात, किडे ओढतात, वाऱ्याने द्रोण हलतो. म्हटलं, तुमच्या पोरांना ताप आहे, औषध दारात आलंय, आणि तुम्ही दोन दाण्यांना घाबरून ते परत पाठवताय. हातात माझं पिवळं पत्रक होतं. सुधाकर गोंडीत सांगत गेला आणि मला दिसत होतं, तो अर्धंच सांगतो आहे.

गायत्याने शांतपणे ऐकलं. मग मोडक्या मराठीत, माझ्यासाठी म्हणून, स्वतःच बोलला.

"मुंगीनं ओढलं असंल, बाई. मुंगी बी जमिनीचीच ना?"

लोक हसले. वाईट हसले नाहीत. मी खाली बसले. बायांच्या बाजूला जैनी तेवढी हसली नव्हती.

नितीन माझ्यावर चिडला. त्याचं चिडणं बोलण्यात येत नाही, तो सामान लावत बसतो. त्याने ट्रंक उपसली, पुन्हा लावली. "आपण पाहुणे आहोत," एवढं म्हणाला. मी म्हटलं, "पाहुणे व्हायला नव्हतो आलो."

त्यानंतरच्या पहाटे, उजाडता उजाडता, जैनी गोटुलापाशी येऊन उभी राहिली. हातात दोन टोपल्या. "बाई, चाल. मोह येचू."

मोहाच्या दिवसांत गावातल्या सगळ्या बाया उजाडायच्या आधी घराबाहेर पडतात. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात. त्या वेळी कोण कुठे वाकलंय ते कुणी बघत नाही. आम्ही नाल्यापलीकडे गेलो. झाडाखालची पानं जाळून जमीन काळी केलेली, तिच्यावर फिकट, रसाने फुगलेली फुलं. मी चार वेचेपर्यंत तिच्या मुठी भरत होत्या. ती टोपली अर्धी भरेपर्यंत वेचत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तू लय मोठ्यानं बोलते. तुले वाटते, आमी तांदळाले भेलो."

मी हातातली फुलं टोपलीत टाकली.

"दाणे सरकले नाई, बाई. मी सरकवले. दोनी बी बार."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझं 'का?' नेमकं इथल्या लोकांसारखं तोंडून बाहेर पडलं, "काऊन?"

ती बसली. मोहाच्या बुंध्याला टेकून, टोपली मांडीत घेऊन. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. कारण ती मधे मधे थांबत होती आणि थांबली की फुलं वेचत होती.

पूर्वी गावात असंच एक बाहेरचं जोडपं आलं. मास्तर आणि त्याची बायको. चांगली माणसं. गावाने त्यांना जागा दिली, ती जैनीच्या अंगणाला लागून. दाणे जुळले होते. मग जंगलातले लोक येऊन विचारू लागले, ही कोण, यांना कोणी आणलं, कोणाला काय सांगतात. मग गणवेशातले लोक येऊन विचारू लागले, रात्री यांच्याकडे कोण येतं, तुझ्या घरून भात कोणाला जातो. दोन्हीकडचे जैनीच्या नवऱ्यालाच विचारत, कारण अंगण त्याचं होतं. मास्तराची बदली झाली. तो आणि त्याची बायको बसमध्ये बसून निघून गेले. विचारणारे थांबले नाहीत. एक दिवस त्याला बोलावून नेलं.

"बैलगाडीत आणला मंग," जैनी म्हणाली. "मी धुतला त्याले."

"कोणी? कोणत्या बाजूने?"

"बंदूक होती बाई. बाजू मी नाई पाह्यली."

"पण आता तसं राहिलेलं नाही. आता शांत झालंय सगळं, सगळे म्हणतात…"

"तुमच्यासाठी शांत," ती म्हणाली. "आता तुमाले कोणी आणलं? सुधाकरनं आणलं. उद्या कोणाले विचारतील? त्यालेच. त्याले मी अंगावर घेऊन वाढवलं. सासू मेली तवा एवढासा होता." तिने जमिनीपासून हात वर धरून उंची दाखवली. गुडघ्याएवढी.

मी म्हटलं, तू सभेत का नाही बोललीस? ती पहिल्यांदा हसली, आणि तो टोमणा होता. "तू बोलली ना. काय झालं?" मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाली, "सुधाकर नाई ऐकत. गावाले औषध पायजे. मले बी पायजे. माणसानं नाई म्हटलं त भांडण. जमिनीनं नाई म्हटलं त भांडण नाई."

मला वाटलं, म्हणजे हिचा त्या दाण्यांवर विश्वास नाही. मी तसं विचारलं. मला वाटतं, मी आशेने विचारलं. निदान एक तरी माझ्या बाजूची निघाली असती.

जैनीने उजवा हात पुढे केला. पंजा उलटा करून, बोटं पसरून.

"हा हात पाह्य. द्रोण उचलला तवा असा कापे. जमिनीनं होच म्हटलं होतं, बाई. दोनी बार जोडी चिटकून होती. तिच्या तोंडातून मी खोटं बोलवलं. आता मले काय होते ते होईल. मले, सुधाकरले नाई. मी तसं तिले सांगतलं हाय."

मग तिने टोपली डोक्यावर घेतली. "तुले सांगतलं कारण तू आमाले येडे म्हणली. आमी येडे नाई. आता तू गावाले सांगशील त सांग."

परत येताना ती पुढे चालत होती आणि मी मागे. मी पत्रक लिहिणारी बाई आहे. खरं काय ते ठळक अक्षरांत सांगायचं, परिणामांची पर्वा करायची नाही, असं मी इतरांना शिकवलेलं आहे. एक वाक्य बोलले असते तर आम्हाला घर मिळालं असतं. जमिनीने हो म्हटलं होतं! सांगलीत कुणी हो म्हटलं नाही. इथे त्या मातीने दोनदा हो म्हटलं होतं, आणि ते फक्त दोन बायकांना माहीत होतं.

ऊन चढल्यावर गाव गोटुलात बसलं, आम्हाला निरोप द्यायला. निरोपाच्या वेळी गायता रीतीप्रमाणे विचारतो. त्याने विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक होतं. सुधाकर तर गोंडीत सांगायला घसा खाकरून तयार झाला. बायांच्या बाजूला जैनी सुपात मोहफुलं पाखडत होती. सूप थांबलं.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

सूप पुन्हा सुरू झालं.

ट्रॅक्टरवर सुधाकर सारखा म्हणत होता, ताई, तुमी आणखी बोलाचं होतं, मी नीट सांगतलं असतं, बुढा ऐकते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. या माणसाला वाचवायला कुणी काय केलं ते त्याला कधी कळणार नाही. निदान माझ्या तोंडून नाही. नितीनने गायत्याच्या नातीच्या उरलेल्या गोळ्या कशा द्यायच्या ते त्याला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. औषधांचा डबा त्याने गावातच ठेवला.

आलापल्लीच्या स्टँडवर मी नितीनला सगळं सांगितलं. तो ट्रंकेवर बसला होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"तू?"

"हो, मी."

त्याने माझा हात हातात घेतला. समोरून लाल धुळीचे ट्रक चालले होते.

चामोर्शीला उतरलो तेव्हा मावशी चूल लावत होती. तीच गादी, तीच सुतळी बघून तिने काही विचारलं नाही. मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली होती, तांदळाची पोती ठेवायची. "पोती हलवा, रहा," म्हणाली. आडनाव विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही. नितीन तिथूनच आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्यांना तपासतो. सुधाकर महिन्याला येतो, पट्ट्या आणि गोळ्या घेऊन जातो. आमचं काम गावात शिरत नाही, गावाच्या वाटेवर बसून राहतं. हे पुरेसं नाही. पावसाळ्यात नाला भरला की ती वाट बंद होते, आणि ताप पावसाळ्यातच येतो. उपकेंद्राला आजही कुलूप आहे. ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांनी हे वाचावं.

दिवाळीच्या आधी एका बाजाराला जैनी आली. सुधाकर बरोबर होता. त्याच्यासमोर ती माझ्याशी दोन शब्द बोलली, जोहार आणि पाणी. तो मीठ आणायला गेला तशी ती उठून खोलीच्या दारात आली. आत बघितलं. मोरी, कुकर, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात पिवळ्या पत्रकांचे गठ्ठे.

"घर भेटलं," ती म्हणाली.

"भेटलं. दाणे नाही ठेवले."

तिला हसू आलं नाही. मी तिचा उजवा हात पाहत होते, आणि तिला ते कळलं. तिने तो पुढे केला. त्या पहाटेसारखाच, उलटा, बोटं पसरून. कोयत्याचा जुना वण, नखांत माती, बाकी काही नाही.

"अजून काई नाई झालं," ती म्हणाली. "वाट पाहून राह्यलो."

माझ्या मागे कोपऱ्यात तेच वाक्य हजारांनी छापून पडलं होतं. घाबरू नका, काहीही होणार नाही. मी ते किती चौकांत किती जणांच्या हातात कोंबलं आहे. ज्या बाईच्या नवऱ्याला बोलावून नेलं आणि बैलगाडीत परत आणलं, तिला ते मला म्हणता आलं नाही. मी तिचा हात धरून उभी राहिले.